मध्यंतरानंतरचा पिक्चर

थेटरच्या जागी आता निळे पत्रे उभे आहेत. दोन पत्र्यांच्या मध्ये एक फट आहे, तिला नाक लावून मी उभा होतो. वॉचमन खुर्चीतून उठून आला.

"चाचा, क्या देखता है? अंदर कुछ नहीं, खाली खड्डा है."

"देखता नहीं," मी म्हटलं, "वास लेता है."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हातारा आहे, पायात स्लीपर आहे, हातात भाजीची पिशवी आहे, प्यायलेला वाटत नाही. मग स्वतःच फटीशी नाक नेलं आणि म्हणाला, "सिमेंट का बास है."

खरं होतं. ओल्या सिमेंटचाच वास होता. मी ज्याच्यासाठी परळहून उन्हात चालत आलो तो वास तिथं राहिला नव्हता.

मला येत्या शनिवारी चाळीतल्या पोरांना एक पिक्चर सांगायचा होता. दाखवायचा नाही, सांगायचा. तोंडानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझी बायको सांगायची तसा. ती म्युनिसिपालटीच्या शाळेत बाई होती आणि पिक्चर बघणं हा तिचा एकच शौक. साडीचा नाही, सोन्याचा नाही. रविवारी बघायचा आणि शनिवारी वर्गात सांगायचा. रिटायर झाली तरी चाळीतल्या मंडळाच्या खोलीत तिचा शनिवार चालू राहिला. आता ती गेली. मी चौथी शिकलेला, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आयुष्य काढलेला माणूस, मला दोन वाक्यं धड जोडता येत नाहीत. म्हणून म्हटलं, थेटरचा वास आला तर बाकीचं आपोआप आठवेल.

वास आला नाही. पण आठवायचं ते आठवलंच.

काळोखात शिरलं की आधी रेक्झिनचा वास यायचा, फाटलेल्या खुर्च्यांचा. त्याच्यात विडीचा धूर, फिनेल, आणि खुर्चीच्या पाठीवर मागच्या खेळाच्या माणसांच्या डोक्याचं तेल. बायकांच्या केसांतली अबोलीची वेणी असायची, तिला वास नसतो, पण आमच्या बाईच्या वेणीत मरव्याची काडी असायची आणि तिला असायचा. वरती पंखे लांब दांड्यांवर लोंबकळत फिरत. त्यांचा करकर आवाज पिक्चरच्या आवाजाखाली सारखा चालू. पडद्यावर खालच्या कोपऱ्यात एक ठिगळ होतं, बशीएवढं. हिरॉईन खाली बसली की ते ठिगळ तिच्या पदरावर यायचं. बाई म्हणायची, "बघा, हिची पण साडी माझ्यासारखीच."

मी तिला बाईच म्हणायचो. नवऱ्यानं बायकोला बाई म्हणायचं, चाळीत लोक हसायचे. पण सगळ्या परळची ती बाई होती, मी वेगळं नाव कुठून आणू? आणि पोरं मला 'बाईंचे मिस्टर' म्हणायची. माझं नाव त्यांना कधी लागलंच नाही.

रविवारचा मॅटिनी. शनिवारची रात्रपाळी करून मी आलेला असायचो, अंगावर कापसाचं पीस. आंघोळ केली तरी कानात ते राहायचंच. पहिला अर्धा पिक्चर मी डोळे फाडून बघायचो. मध्यंतर झालं की बाहेर समोसा. एक तिला, दोन मला. परत आत येऊन बसलो, दिवे गेले, पंख्याची हवा डोक्यावर आली, की माझी मान खाली. झोपायचोच. जगातल्या सगळ्या पिक्चरचा पहिला अर्धा भाग मी बघितलेला आहे आणि एकाचाही दुसरा नाही.

दिवे लागले की ती कोपरानं ढोसायची. "परत निजलात मां!" एरवी शुद्ध बोलायची, पण राग आला की मालवणी बाहेर यायची.

मग घरी चालत यायचं. लालबाग ते परळ, रस्त्याच्या कडेकडेनं, आणि ती मला राहिलेला पिक्चर सांगायची. चालता चालता. सिग्नलला थांबलो की तीही नेमकी तिथंच थांबायची, जिथं व्हिलनचा हात दारावर आहे. गाड्या जाईपर्यंत मी ताटकळत. मला तेव्हा वाटायचं ही माझ्यासाठी सांगते. नंतर कळलं, मी तालमीचा माणूस. मी जिथं हसलो ते ती शनिवारी ठेवायची, जिथं मी दुकानाच्या पाट्या बघायला लागलो ते गाळायची.

शनिवारी सकाळची शाळा. शेवटचा तास पिक्चरचा. हेडमास्तरांना ठाऊक होतं, पण ते त्या वेळी मुद्दाम ऑफिसात काहीतरी लिहीत बसायचे. वर्गाच्या दारात एक पोरगा डोअरकीपर. तिकीट पाहिजे तर पाढा म्हणायचा. पाचाचा म्हटला तर पुढं जमिनीवर, बाराचा म्हटला तर बाकावर, आणि सतराचा म्हणून दाखवला तर बाल्कनी. बाल्कनी म्हणजे मागच्या बाकांच्या डेस्कवर चढून, पाय सोडून बसायचं. वर्षभर ज्या पोरांना डेस्कवर बसल्याबद्दल मार मिळायचा, तीच पोरं शुक्रवारी रात्री नळाशी, जिन्यात, संडासच्या रांगेत सतराचा पाढा घोकायची. चाळीत कुठंही उभं राहा, कानावर 'सतरा त्रिक एक्कावन्न' यायचंच.

माझी पहिली पाळी असली की एखाद्या शनिवारी पगारासाठी लवकर सुटका व्हायची. मी शाळेच्या गेटच्या बाहेर उभा राहायचो. गेटपासून वर्गाची खिडकी लांब, मध्ये अख्खं मैदान. आवाज येणं शक्य नाही. पण साचेखात्यात काम केलेल्या माणसाला आवाज लागत नाही. तिथं शेकडो साचे एकदम धडधडतात, शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही, म्हणून आम्ही सगळे ओठांवरून बोलायचो. मुकादम खात्याच्या त्या टोकाला शिवी देतो ती ह्या टोकाला आम्हाला कळते. तशी मला बाई कळायची. मैदानापलीकडं, खिडकीच्या गजांतून, तिचे ओठ, तिचा हात, मधेच डस्टर टेबलावर आपटलं की गोळी सुटली, मधेच दोन करवंट्या घेतल्या की घोडा आला. व्हिलन आला की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि मान तिरकी. पोरांचे चेहरे मला दिसायचे नाहीत, पाठी दिसायच्या. पाठीवरून सगळं कळतं. पुढं काय होणार ह्या भीतीनं माणूस पाठीतून ताठ होतो.

मध्ये ती थांबायची आणि हात वर करून म्हणायची, "मध्यंतर!" पोरं नळावर धावायची, पाणी पिऊन येईपर्यंत तिनं प्रत्येकाच्या जागेवर भाजक्या चण्यांची चिमूट ठेवलेली असायची. कागदात नाही, तशीच, बाकावर. चणे संपेपर्यंत ती पुढचं बोलायची नाही. म्हणायची, तोंडात आवाज असला की पिक्चर ऐकू येत नाही.

त्यातली निम्मी पोरं थेटरात कधी गेलेली नव्हती. गिरण्या बंद होत्या त्या दिवसांत तर कोणाच्या बापाची ऐपत नव्हती. त्या दिवसांचं मी फार सांगत नाही. भोंगा वाजायचा थांबला, सकाळ कुठून सुरू करायची ते कळेना, चाळीतल्या चुलींचा धूर पातळ झाला, माणसं गॅलरीत उभी राहून रस्त्याकडं बघत बसायची. माझी रात्रपाळी गेली तरी थेटरात मी झोपायचोच, सवय. आम्ही महिन्यात एकदाच जायचो, बाईच्या पगारावर, आणि समोसा एकच घ्यायचो. पण वर्गातला शनिवार चुकला नाही. उलट दुसऱ्या वर्गातली पोरं येऊन खिडकीत उभी राहायची. तीही पाढा म्हणून.

आता भोंगा नाही, वर्ग नाही, ती शाळाही दुसऱ्या शाळेत मिळवली. अबोलीची वेणी विकणारी ब्रिजखालची बाई कधीच दिसत नाही. हे सगळं गेल्याचं मला दुःख आहे असं मी म्हणत नाही. जातं ते जातं. मी एका शनिवारापुरता अडून बसलो होतो.

शेवटी हॉस्पिटलात बाईचा आवाज गेला. नुसता श्वास यायचा. नर्स वाकून विचारायची, "आजी, काय पाहिजे? पाणी पाहिजे?" मी म्हटलं, तुम्ही बाजूला व्हा. मी समोर बसलो. ओठ हलले. आमच्या साचेखात्यातल्यासारखे, स्वच्छ. ती म्हणाली, "शनिवारी मुलं येतील. परत पाठवू नका."

दुसरं काही म्हणाली नाही. मी कसा आहे, गोळ्या घ्या, असलं काही नाही. मला थोडा राग आला, खरं सांगतो. पण मी मान हलवली, आणि मान हलवली म्हणजे झालं.

तेरावं होईपर्यंत मंडळाची खोली बंद होती. त्यानंतर कुलूप उघडलं ते संदेशनं. संदेश आमच्या चाळीचा सेक्रेटरी. पोरगा वाईट नाही, गणपतीत राबतो, कोणाला हॉस्पिटलात न्यायचं तर गाडी काढतो. एक पार्सलवाला त्या खोलीला भाडं द्यायला तयार होता, खोकी ठेवायला.

"अण्णा, बाई होत्या तोपर्यंत आम्ही काही बोललो का? आता शनिवारी कोण येणार? पोरांच्या हातात मोबाईल आहे. अख्खा पिक्चर त्यात आहे. तुम्ही सांगणार तो ऐकायला कोण बसणार?"

"बसतील."

"तुम्ही सांगणार?" तो हसला नाही, ते त्याचं चांगलं. "अण्णा, तुम्ही मीटिंगमध्ये उभे राहता आणि 'मला मान्य नाही' एवढंच बोलून खाली बसता."

"ते वेगळं. तिथं तेवढंच पुरतं."

त्यानं डोकं खाजवलं. "बरं, असं करू. एक शनिवार तुम्हाला. पोरं शेवटपर्यंत बसली तर शनिवार कायमचा तुमचा, पार्सलवाल्याला मी नाही म्हणतो. मोबाईल काढून मधेच उठून गेली, तर तुम्ही परत हा विषय काढायचा नाही."

"लिहून देतोस?"

"अण्णा!"

"बरं, राहू दे."

कुठला पिक्चर सांगायचा हे मी लगेच ठरवलं. खाणावळवालीचा. तो पोरांचा सगळ्यात आवडता, बाईनं तो दरवर्षी सांगितला. गोदीजवळ एका विधवेची खाणावळ असते. तिचा एकच मुलगा, बोटीवर कामाला. कोणीतरी त्याच्यावर चोरीचा आळ घालतो आणि तो जेलात जातो. आई रोज रात्री खाणावळ बंद करताना एक पान वाढून झाकून ठेवते. इथं मध्यंतर. त्यापुढं मी झोपलेला. पण पुढचं बाईनं सिग्नलला थांबत थांबत सांगितलेलं होतं : मुलगा सुटतो, पावसात भिजत येतो, दार वाजवतो, आई दार उघडते, त्याच्याकडं बघते आणि एवढंच म्हणते, "हातपाय धू. पान वाढते." ते सांगताना बाईचा आवाज बदलायचा नाही. रोजचं बोलतो तसं बोलायची. आणि वर्गात पोरं नाक ओढायची.

त्याच आठवड्यात दुपारी टीव्हीवर तोच पिक्चर लागला. म्हटलं, देवच पावला. खुर्ची ओढून बसलो. मध्यंतर झालं, जाहिराती झाल्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्याचा दुसरा अर्धा भाग जागेपणी बघितला.

मुलगा सुटला. पावसात भिजत आला. दार वाजवलं. दार उघडलं ते शेजारच्या माणसानं. आत आई जमिनीवर आडवी, चेहऱ्यावर पांढरं घातलेलं. झाकलेलं पान बाजूला. मुलगा ओरडला. पडद्यावर 'समाप्त'.

मी टीव्ही बंद केला. परत चालू केला. पावडरची जाहिरात लागली होती.

बाई खोटं बोलली होती. एकदा नाही, दरवर्षी. आणि आधी माझ्याशी, रस्त्यात, भर उजेडात. मी घरात फेऱ्या मारल्या, तिच्या फोटोला म्हटलं, "लाज नाही वाटली?" मग स्लीपर घातल्या आणि लालबागला गेलो.

मिरचीगल्लीत दिनेशचा मसाला कांडायचा डंख आहे. दिनेश बाईचा विद्यार्थी, बाल्कनीतला. आता टक्कल पडलंय, कानावर केस आलेत. दुकानात शिरलं की डोळ्यांतून पाणीच येतं, मिरची कांडत असतात, त्यामुळं रडून आलो काय नि न रडता आलो काय, कोणाला कळत नाही.

"या मिस्टर!" तो ओरडला. डंखाच्या दणदणाटात सगळे ओरडतातच. "बसा. तोंडाला रुमाल लावा."

मी म्हटलं, "खाणावळवालीच्या पिक्चरात आई मरते."

दिनेशनं पोराला सांगून डंख थांबवला.

"कोण म्हणालं?"

"मी बघितलं. टीव्हीवर."

तो हसायला लागला. "मिस्टर, आम्ही ह्याच्यावरून मार खाल्लाय. शाळा सोडल्यावर पहिल्या पगारात आम्ही चौघं थेटरात गेलो. मुद्दाम तोच पिक्चर, मॉर्निंग शोला परत लागला होता. बघितलं तर आई मेलेली! दिवे लागले, माणसं उठली, आम्ही उठेना. तेव्हा थेटरवाले रीळ कापायचे ना, पुढच्या खेळाची घाई असली की. आम्हाला वाटलं, शेवटचं रीळ खाल्लं ह्यांनी. सुऱ्या खुर्चीवर चढला आणि ओरडला, आईचं रीळ लावा!"

"मग?"

"मॅनेजर आला. म्हणाला, रीळ संपलं, घरी जा. आम्ही म्हटलं, आमच्या बाईंनी बघितलंय, आई दार उघडते आणि पान वाढते म्हणते. तो म्हणाला, तुमची बाई खोटं बोलली. झालं! सुऱ्यानं त्याची टोपी उडवली. डोअरकीपरनं आम्हाला टॉर्चनं बडवत बाहेर काढलं. बाई खोटं बोलतील? शाळेतल्या बाई?"

"तुम्ही तिला विचारलं नाही?"

"सरळ शाळेत गेलो. सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाल्या, 'हो का? मग कापलंच असेल रे.' आणि आम्हाला चणे दिले. त्या थेटरात आम्ही वर्षभर पाऊल ठेवलं नाही, निषेध म्हणून." तो डोळे पुसायला लागला, मिरचीनं का हसण्यानं, कोण जाणे. "पण मिस्टर, तुम्ही तर शेजारी होता हो!"

"मी निजलो होतो."

दिनेशला त्याच्यावर ठसकाच लागला. पोरानं पाणी आणून दिलं. "म्हणजे आमच्या आधी तुम्हालाच गंडवलं!"

"हसू नकोस. मला शनिवारी सांगायचाय तो. कुठला शेवट सांगू?"

आता तो हसायचा थांबला. "सुऱ्याचा बाप तेव्हा गावाला गेला होता, परत आला नाही," तो म्हणाला. "माझी आई आजारी होती. वर्गात अर्ध्यांच्या घरी काही ना काही होतं. बाईंनी त्या दोन-तीन वर्षांत एकही माणूस मरू दिला नाही, मिस्टर. डाकू सुद्धा नाही. तुम्ही बाईंचाच सांगा."

मी परत आलो ते ठरवत ठरवत. माझ्या स्वभावात ते बसत नाही. मी काळ्याला पांढरं म्हटलेलं नाही, युनियनला नाही आणि मालकाला नाही. ज्या आईला मी आडवी बघितली तिला मी दाराशी उभी कशी करू? बाईला जमलं, कारण तिच्या घरात तेव्हा माणूस गेलेला नव्हता. माझ्या घरातून गेलाय. माझ्या तोंडून ती आई उठायची नाही.

शनिवार आला. मी खोली झाडली, सतरंज्या अंथरल्या, चणे आणले. पोरं आली, बाईला होती तेवढी नाहीत, पण आली. दारात मी उभा राहिलो. "तिकीट."

पुढं आर्या. तिसऱ्या मजल्यावरची, चौथीत, जिभेला हाड नाही. "आजोबा, आम्हाला पाढे मराठीत नाही येत. सेव्हनटीन वन जा सेव्हनटीन चालेल?"

"चालेल. पण अडलीस तर जमिनीवर."

ती अडली नाही. बाल्कनी म्हणून भिंतीशी मांडलेल्या लोखंडी ट्रंकेवर जाऊन बसली आणि बाकीच्यांवर लक्ष ठेवायला लागली.

पहिला अर्धा मला चांगला जमला. मी बघितलेला होता ना. गोदी मला माहीत, खाणावळ माहीत, पोलिसांचे बूट माहीत. बाईसारखी करवंटी नव्हती माझ्याकडं, मी जमिनीवर हात आपटून बोटीचं इंजिन केलं. साच्याच्या तालावर झालं ते, पण पोरांना कुठं ठाऊक. मध्यंतराला चणे दिले. संदेश दारात येऊन उभा राहिला, हातात किल्ल्यांचा जुडगा.

दुसरा अर्धा सुरू केला. मुलगा सुटला, पावसात भिजत आला, दार वाजवलं. मी थांबलो. पोरांच्या पाठी ताठ झालेल्या मला ह्या वेळी समोरूनही कळत होत्या. तोंडातले चणे तसेच.

"दार शेजाऱ्यानं उघडलं," मी म्हटलं. "आई गेली होती. सकाळीच."

मग एका लहान पोराचा ओठ वाकडा व्हायला लागला. आर्या ट्रंकेवरून खाली उतरली.

"असं नाही! बाई आजींनी आम्हाला सांगितलेलं वेगळं होतं. आई म्हणते, हातपाय धू."

"बाई आजींचा तसा होता. खरा असा आहे. मी बघितलाय."

"मग तो काय करतो?"

"कोण?"

"मुलगा! तो एकटाच ना आता?"

पिक्चर तिथं संपतो. पडद्यावर 'समाप्त' येतं, दिवे लागतात, माणसं चपला शोधायला लागतात. पण पोरगी माझ्याकडं बघत होती आणि समाप्त म्हणायला माझी जीभ उचलेना.

"ओरडला आधी," मी म्हटलं. "खूप. मग माणसं आली, न्यायचं होतं ते नेलं. मग माणसं गेली."

"मग?"

"मग सकाळ झाली. नळ आला. पाणी भरायला कोण, तर तोच. आई कुठल्या हंड्यात पिण्याचं भरायची ते त्याला माहीत नव्हतं. सगळेच भरले."

"पिण्याचा तांब्याचा असतो," पुढचा एक म्हणाला.

"त्याला काय माहीत? तो बोटीवर असायचा."

"शेजारच्या काकूंना विचारायचं ना!"

"विचारलं. दोन दिवसांनी. आधी लाज वाटली."

"जेवला काय?"

"झाकलेलं पान होतं ना. ते त्यानं फेकलं नाही. भात वाळला होता, पाणी शिंपडून गरम केला आणि खाल्ला. भिंतीला टेकून."

"रडत?"

"रडत. मीठ कमी होतं तरी कळलं नाही."

कोणीतरी खुदकन हसलं. ज्याचा ओठ वाकडा झाला होता तोच. आर्या खालीच बसली, सतरंजीवर, माझ्या गुडघ्याजवळ. "आणि खाणावळ? ती बंद केली?"

"लोक दारात येऊन उभे राहिले. जेवायच्या वेळेला. त्यांना काय, सवय. तो म्हणाला, मला स्वयंपाक येत नाही. ते म्हणाले, मग शीक, आम्ही उभे आहोत."

"पहिलं काय केलं त्यानं?"

"चहा."

"चहा तर कोणालाही येतो!"

"त्याला नव्हता येत. आधी स्टोव्ह पेटेना. पिन सापडेना. मग पेटला तो भडकलाच, भुवई जळाली थोडी. मग दूध ठेवलं..."

संदेशनं किल्ल्या वाजवल्या. मी त्याच्याकडं बघितलं नाही. तो दारातून दोन पावलं आत आला, नेमका पोरांच्या पुढ्यात, आणि हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, तो पार्सलवाला आलाय बाहेर, खोलीचं माप घ्यायला. पिक्चर संपला ना?"

"ओ काका," आर्या ओरडली, "खाली बसा ना! मागच्यांना दिसत नाहीये!"

संदेशनं मागं वळून बघितलं. भिंतीजवळची पोरं खरोखर माना वाकड्या करून त्याच्या बाजूनं माझ्याकडं बघत होती. तो तसाच उभा राहिला, किल्ल्या मुठीत दाबून.

"बस," मी त्याला म्हटलं. "चप्पल काढ आणि बस. पोराचा चहा उकळायचाय अजून."